ज्यू धर्मातल्या बायकांचा अभ्यास करायचाय? मग सुरुवात अशी करा

सकाळी डोळे उघडल्या उघडल्या म्हणायची एक छोटी ज्यू प्रार्थना आहे. पुरुष म्हणतो 'मोदे अनी', बाई म्हणते 'मोदा अनी'. इंग्रजीत दोन्हीचं भाषांतर एकच होतं, पण मराठीत करून बघा: 'मी आभार मानतो' आणि 'मी आभार मानते'. हिब्रूत जो फरक आहे तो आपल्या भाषेत आपोआप उतरतो, काहीही जास्तीचं सांगावं लागत नाही. आता पुढचं बघा, जुन्या छापील प्रार्थनापुस्तकांत बहुतेक वेळा नुसतं 'मोदे'च सापडतं, बाईचं रूप शेजारी छापायला लागले ते खूप नंतर. म्हणजे पुस्तक छापणाऱ्याच्या डोळ्यासमोर वाचणारा कोण होता हे एका मात्रेवरून कळतं.

या सगळ्या अभ्यासाचं मूळ मला तिथेच दिसतं. ज्यू बायकांबद्दल मजकूर ढिगाने आहे, पण तो लिहिणारा हात जवळपास नेहमी पुरुषाचा. म्हणून कुठलंही साधन हातात घेतलं की आधी विचारायचं, हे कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, आणि बाईचं नाव नेमकं कुठे गळालं. मी हे कॉलेजच्या पदवीसाठी नाही, आवडीने सुरू केलं आणि आता सोडवत नाही. नवीन माणसाने कुठल्या क्रमाने जावं ते इथे सविस्तर लिहितेय.

प्रश्न लहान ठेवा

'ज्यू धर्मात स्त्रीचं स्थान' हा प्रश्न घेऊ नका. तीन हजार वर्षं, बगदाद ते पोलंडमधलं क्राकूव ते अलिबाग एवढा पसारा, त्याचं एक उत्तर निघतच नाही, आणि जे निघतं ते भाषणात शोभतं, अभ्यासात नाही. त्याऐवजी काळ, जागा आणि साधन अशा तिन्ही गोष्टी ठरवून घ्या. उदाहरणार्थ ११व्या शतकातल्या कैरोमध्ये बायकांच्या हातात स्वतःचा पैसा किती असायचा, किंवा १९२०च्या दशकात मुंबईत ज्यू प्रार्थनेत बायका कुठे बसायच्या. असा प्रश्न घेतलात की कुठला कागद शोधायचा ते लगेच कळतं.

ग्रंथ कुठले, आणि कुणाच्या आधी कोण

हे पाठ होईपर्यंत पुढे जाऊ नका, कारण याच्याशिवाय सगळा गोंधळ होतो. सगळ्यात आधी तनाख, म्हणजे हिब्रू बायबल. मग इसवी सन २००च्या सुमारास मिश्ना, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कायद्याचं संकलन, आणि त्याच्याच जोडीचं दुसरं संकलन तोसेफ्ता. मग त्यावरची भलीमोठी चर्चा म्हणजे ताल्मुद, बाबिलोनियाचा ताल्मुद साधारण सहाव्या शतकापर्यंत आकाराला आला. मग ११व्या शतकात फ्रान्समधला राशी हा भाष्यकार, १२व्या शतकात मायमोनिडीस हा कायदेपंडित आणि तत्त्वज्ञ, आणि १६व्या शतकात योसेफ कारोचा शुल्हान आरूख हा कायद्याचा ग्रंथ, ज्यावरून आजही धार्मिक घरात निवाडा होतो.

मिश्नाचे सहा भाग आहेत, त्यातल्या तिसऱ्याचं नावच 'नाशीम', म्हणजे बायका. त्यात सात प्रकरणं आहेत. लग्न, घटस्फोट, कतुबा म्हणजे लग्नाचा करार, नवस, संशय घेतलेली बायको, निपुत्रिक मेलेल्या भावाच्या बायकोशी दिराचं लग्न असे सगळे विषय तिथे येतात. मासिक पाळीबद्दलचं 'निद्दा' मात्र या भागात नाही, ते शुद्धतेच्या भागात आहे, आणि हे कुठे ठेवलंय यालाही अर्थ आहे. हे सगळं सेफारिया नावाच्या साइटवर हिब्रू-इंग्रजी समोरासमोर फुकट वाचता येतं. मोबाइलवर अॅप आहे, रोज एक पान वाचायची सवय लावा.

सुरुवात 'किद्दुशीन' या प्रकरणाच्या पहिल्या वाक्याने करा. तिथे म्हटलंय, बाई तीन मार्गांनी मिळवली जाते आणि दोन मार्गांनी स्वतःला परत मिळवते. तीन मार्ग म्हणजे पैसा, लेख आणि शरीरसंबंध, दोन म्हणजे घटस्फोटाचं पत्र आणि नवऱ्याचा मृत्यू. क्रियापद आहे 'काना', जे शेत किंवा गुरं घेताना वापरतात तेच. वाचून राग येतो, यायलाच हवा, पण तिथेच थांबू नका, पान उलटा. दुसऱ्या अध्यायाची सुरुवात होते तेव्हा क्रियापद बदललेलं असतं, 'किद्देश', म्हणजे पवित्र म्हणून वेगळं काढणं. ज्युडिथ हाउप्टमन यांच्यासारख्या ताल्मुदच्या अभ्यासक या बदलाकडे बोट दाखवतात, की खरेदीच्या भाषेकडून दुसऱ्या कशाकडे तरी सरकणं ग्रंथाच्या आतच चालू आहे. दुसरे म्हणतात शब्द बदलला, सत्ता कुणाच्या हातात ते बदललं नाही. तुम्ही दोन्ही बाजू वाचा आणि मग बोला.

कडीची गोष्ट

एक उदाहरण अगदी जवळून दाखवते, कारण मला स्वतःला हा अभ्यास म्हणजे काय ते इथेच कळलं. दाराला लावायची एक कडी, अडसर म्हणा. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी ती एका दारावरून काढून दुसऱ्यावर लावली तर चालेल का, शुद्ध की अशुद्ध, असा अगदी बारका वाद. तोसेफ्तामध्ये 'केलीम' प्रकरणात हे मत ब्रुरिया नावाच्या बाईच्या तोंडी आहे, आणि रब्बी येहुदा म्हणतात, ब्रुरिया बरोबर बोलली. आता मिश्नामधलं 'केलीम' उघडा, अकरावा अध्याय. तीच कडी, तेच मत. पण म्हणणारा आता रब्बी येहोशुआ! बाईचं नाव गायब.

पुढे ताल्मुदमध्ये ब्रुरिया पुन्हा येते आणि मोठी होऊन येते. ती तीनशे गुरूंकडून एका दिवसात तीनशे नियम शिकलेली आहे, नवरा रब्बी मेइर त्रास देणाऱ्या गुंडांच्या मरणासाठी प्रार्थना करतो तेव्हा ती स्तोत्रातला एक शब्द वेगळा वाचून त्याला सांगते, पापी संपोत असं नाही लिहिलेलं, पापं संपोत असं आहे. आणि मग शेकडो वर्षांनी राशी आपल्या भाष्यात एक गोष्ट देतो, की बायका हलक्या मनाच्या असतात या वचनाची तिने थट्टा केली म्हणून नवऱ्याने एका शिष्याला तिला भुलवायला सांगितलं, ती फसली आणि तिने जीव दिला. ही गोष्ट ताल्मुदच्या मजकुरात नाही, राशीच्या भाष्यातच येते.

मग नुसतं 'ब्रुरिया नावाची विदुषी होती' असं लिहून भागत नाही. चारही पाठ शेजारी-शेजारी ठेवायचे, कुठला आधीचा कुठला नंतरचा ते लिहायचं, आणि प्रत्येक वेळी शिकलेल्या बाईचं काय केलं जातंय ते बघायचं. एकदा नाव पुसलं, एकदा कौतुक केलं, एकदा शिक्षा दिली. ही कवायत एका कागदावर स्वतः हाताने करा, अर्धा दिवस जाईल, पण त्यानंतर तुम्ही कुठलाही ग्रंथ साधेपणाने वाचू शकणार नाही.

'विटाळ' हा शब्द वापरताना थांबा

हे फक्त मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. हिब्रूत 'तुम्आ' हा शब्द आहे आणि आपला हात लगेच 'विटाळ' या शब्दाकडे जातो. तो शब्द आला की त्याच्यामागे बाहेर बसणं, वेगळं ताट, जात, सोवळं-ओवळं सगळं ओढत येतं. पण तनाखमधल्या लेवीय ग्रंथाचा १५वा अध्याय वाचा, तिथे पुरुषाच्या स्रावाचे नियम आणि बाईच्या स्रावाचे नियम एकामागून एक, जवळजवळ जोडीने आलेत. प्रेताला हात लागला तरी तुम्आ, मग तो कुणीही असो. तिचा संबंध मंदिरात जायला आणि पवित्र अन्नाला. जेरुसलेमचं मंदिर इसवी सन ७०मध्ये पडलं आणि पुरुषाची बरीचशी बंधनं व्यवहारातून गेली, बाईची मात्र राहिली आणि वाढली, कारण तिथे नवराबायकोच्या संबंधाचा वेगळा नियमही होता. म्हणजे प्रश्न 'ज्यू लोकही विटाळ मानतात का' हा नाही, प्रश्न असा की दोघांसाठी असलेल्या नियमातून एकीचाच नियम का उरला. मी 'तुम्आ' तसाच ठेवते आणि पहिल्यांदा आला की दोन वाक्यांत समजावते.

तुलनेचा दुसरा धोकाही इथेच सांगते. १९७०च्या दशकात काही ख्रिस्ती स्त्रीवादी लेखनात असा सूर होता की ज्यू धर्म बायकांना दाबणारा आणि येशूने त्यांना मोकळं केलं. ज्यू स्त्रीवादी अभ्यासक ज्युडिथ प्लास्को यांनी त्यावर स्पष्ट लिहिलं की हा जुना ज्यूद्वेषच नव्या कपड्यात आलाय. आपल्याकडेही कुठलाही धर्म दुसऱ्याला खाली दाखवायला वापरतात, तेव्हा हे डोक्यात ठेवा. टीका करा, पण ज्यू बायका स्वतः आतून काय टीका करतात ती आधी वाचा.

कायदा एक, जगणं दुसरं

ग्रंथातला नियम म्हणजे लोक तसे वागत होते असं धरून चालू नका. त्यासाठी कागद, दगड आणि पत्रं बघायची. तुर्कस्तानातलं आजचं इझमीर, जुनं स्मिर्ना, तिथे एका थडग्यावरचा ग्रीक लेख आहे, रुफिना नावाच्या ज्यू बाईचा. ती स्वतःला सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाची, प्रमुख म्हणवते आणि आपल्या मुक्त केलेल्या गुलामांसाठी थडगं बांधते. वर्षानुवर्षं विद्वान म्हणत आले की ही नुसती मानाची पदवी, नवऱ्याची असणार. अभ्यासक बर्नाडेट ब्रूटन यांनी १९८२मध्ये असे लेख एकत्र करून विचारलं, पुरुषाच्या नावापुढे तेच पद आलं तर तुम्ही ते खरं मानता, मग बाईच्या पुढे आलं की मानाचं कसं? लेखात तर नवऱ्याचा उल्लेखही नाही.

दुसरी खाण म्हणजे कैरोचा गनिझा. जुन्या कैरोतल्या फुस्तातमधल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका खोलीत शेकडो वर्षं जुने कागद टाकत गेले, कारण देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, आणि त्याच्या नादाने हिशेब, भांडणं, वाण्याच्या याद्या सगळंच साठत गेलं. १८९६-९७मध्ये केंब्रिजचा अभ्यासक सॉलोमन शेख्टरने त्यातला मोठा साठा केंब्रिजला नेला. त्याला खुणावणारं पान आणलं होतं ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी, हे नाव घ्यायला लोक विसरतात म्हणून मी मुद्दाम घेते. त्या कागदांत अल-वुह्शा नावाची दलाल बाई भेटते. स्वतःच्या बळावर पैसा कमावलेली, लग्नाबाहेर मूल झालेली, त्यावरून योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, दिवशी सिनेगॉगमधून बाहेर काढलेली, आणि तरी मृत्युपत्रात सिनेगॉगना पैसे ठेवणारी.

आणि याच ढिगाऱ्यात आपल्या किनाऱ्याचाही एक कागद आहे. १७ ऑक्टोबर ११३२, मंगळूर. अब्राहम बेन यिजू नावाच्या ज्यू व्यापाऱ्याने आशू नावाच्या गुलाम बाईला मुक्त केल्याचा लेख. तिला हिब्रू नाव मिळालं बेराखा, पुढे त्याच्या मुलांची आई तीच असं अभ्यासक मानतात. ती काय म्हणाली, तिला हे हवं होतं का, त्याची एक ओळ नाही. गनिझाचे फोटो केंब्रिजच्या डिजिटल लायब्ररीत आणि मजकूर प्रिन्सटनच्या गनिझा प्रोजेक्टवर बघता येतात.

बायकांनी स्वतः लिहिलेलं

कमी आहे, पण आहे. हॅम्बुर्गची ग्लिकल नवरा गेल्यावर झोप येईना म्हणून १६९१मध्ये यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, आठवणी लिहायला बसली, मुलाबाळांसाठी. धंदा, प्रवास, मुलींची लग्नं, सगळं त्यात आहे. ते छापलं गेलं १८९६मध्ये, म्हणजे दोनशे वर्षं घरातच. यिडिशमधल्या बायकांच्या प्रार्थनाही वाचा, 'त्खिनेस' म्हणतात, मेणबत्ती लावताना, बाळंतपणात, कबरीवर म्हणायच्या. पण इथेही सावध राहा, त्यातल्या काही बाईच्या नावाने पुरुषांनी लिहिल्यात.

आधुनिक काळासाठी चार तारखा पुरतात, बाकीच्या त्याभोवती लागतात. १९१७मध्ये सारा शेनिरेरने क्राकूवमध्ये सनातनी घरातल्या मुलींसाठी शाळा काढली. १९२२मध्ये न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन या मुलीची बात मित्झ्वा, म्हणजे वयात येताना धर्माची जबाबदारी घेण्याचा विधी, झाला. १९३५मध्ये जर्मनीत रेगिना योनास रब्बी झाली, १९४४मध्ये आउश्वित्झच्या नाझी छावणीत मारली गेली, आणि तिचे कागद १९९०च्या दशकात बर्लिनच्या एका दफ्तरखान्यात सापडेपर्यंत, १९७२मध्ये अमेरिकेत रब्बी झालेल्या सॅली प्रीसँडच पहिल्या असं बहुतेक सगळे लिहीत होते. विसरणं किती लवकर होतं बघा, आणि ते इतिहासकारांकडूनही होतं.

एक गोष्ट राहायला नको, जेंडर म्हणजे फक्त बायका नाहीत. मिश्नामध्ये 'बिक्कुरीम' प्रकरणाच्या शेवटी 'आंद्रोगिनोस'ची, म्हणजे बाई आणि पुरुष दोघांची लक्षणं असलेल्या माणसाची, चर्चा आहे, काही बाबतीत पुरुषासारखा, काहीत बाईसारखा, काहीत दोघांसारखा आणि काहीत कुणासारखाच नाही. ताल्मुदचे अभ्यासक डॅनियल बोयारिन यांनी ज्यू पुरुषपणावर लिहिलं, घरात बसून ग्रंथ वाचणारा हळुवार पुरुष हा आदर्श कसा घडला त्यावर. ते वाचल्याशिवाय बायकोच्या वाट्याला बाजार आणि दुकान का आलं ते उमगत नाही.

आता आपल्या दाराशी

मराठी ही ज्यू भाषा आहे, हे मी ठासून सांगते. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे, त्यांचं घरातलं बोलणं, गाणी, भांडणं मराठीत. त्यांची मूळ कथाच बघा, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका वाचल्या. कथेत बायका मोजलेल्या आहेत, हे सगळीकडे होत नाही. १८७४मध्ये पुण्यात छापलेली मराठी-हिब्रू हग्गादा आहे, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची, तिच्यातल्या चित्रात मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत. ते चित्र झूम करून बघा, कोण काय करतंय, कुणाच्या हातात काय.

मग १९६०च्या दशकातला वाद घ्या, कारण तो सगळा लग्न-घटस्फोटावरचा आहे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएल लोकांची इतर ज्यूंशी लग्नं लावताना रब्बींनी शंका काढली, की कोकणात यांना 'गेट', म्हणजे धार्मिक घटस्फोटपत्र, आणि विधवेला दिरापासून सोडवायचा विधी माहीत नव्हता, मग आधीची लग्नं धड मोडली होती का? १९६२मध्ये मुख्य रब्बी कार्यालयाने आईच्या बाजूची वंशावळ तपासायला सांगितली. ज्यूपण आईकडून येतं, त्यामुळे शंका सगळी आजी-पणजीवर. लोक जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसले आणि ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत. या घटनेवर बरंच लिहिलंय, पण ज्या बायकांच्या लग्नांचा हा वाद, त्यांना तेव्हा काय वाटलं ते मराठीतच सापडेल, आणि ते गोळा करायला मराठी येणारी माणसंच लागतील.

डॉ. जेरुशा झिराड यांचं नावही इथे घ्यायलाच हवं. आडनाव अलिबागजवळच्या गावाचं, लंडनहून १९१९मध्ये एमडी करून आलेल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि १९२५मध्ये मुंबईत ज्यूईश रिलीजस युनियन, म्हणजे उदारमतवादी प्रार्थनासंघ सुरू करणाऱ्या. लंडनमध्ये उदारमतवादी ज्यू चळवळीतल्या लिली माँटेग्यूचं काम त्यांनी बघितलं होतं. एका बाईने दुसरीकडून घेऊन भायखळा-माझगावच्या समाजात आणलेला हा धागा, यावर कुणी मराठीत नीट बसून लिहिलं तर केवढं काम होईल!

घरी जाऊन बोलायचं असेल तर

आधी सगळं वाचून झालं असेल तरच जा. मी पहिल्यांदा एका आजींकडे गेले तेव्हा वहीत प्रश्न लिहून नेला होता, 'तुमच्या समाजात स्त्रीचं स्थान कसं होतं?' त्यांनी सरळ बसून उत्तर दिलं, 'आमच्यात बायकांना फार मान असतो हो.' संपलं. दुसऱ्यांदा गेले त्या दिवशी घरात मलिद्याची, म्हणजे गोड पोह्यांच्या नैवेद्याच्या विधीची, तयारी होती, मी पोहे निवडायला बसले, त्या नारळ खोवत होत्या, आणि गूळ चिरता चिरता त्यांनी आपल्या सासूबाई विधवा झाल्यावर काय घालत, काय खात, पुन्हा लग्नाचा विषय का निघाला नाही, सगळं सांगितलं. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणायला पुरुष बाहेरच्या खोलीत जमले तेव्हा त्या मला म्हणाल्या, 'चाल माझ्या आईची आहे, ते म्हणतात ती थोडी वेगळी.' हे कुठल्या प्रश्नाने निघालं असतं?

म्हणून 'स्थान' विचारू नका, काम विचारा. ताट कोण लावायचं, मंगळसूत्र आणि मेंदी कुणी ठरवली, शब्बाथचा दिवा कोण लावायचं, कतुबा कुठल्या पेटीत आहे आणि ती वाचता कुणाला येते. रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या, आणि कशासाठी वापरणार ते साध्या शब्दांत सांगा. समाज लहान आहे, नाव लपवलं तरी गावावरून माणूस ओळखू येतो, तेव्हा लिहिताना गावही बदला किंवा सोडून द्या. 'हे छापू नकोस' असं म्हटलं तर ते कितीही मोलाचं असलं तरी छापायचं नाही. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांनी आपल्याकडे हे काम खूप आधी शिकून ठेवलंय, गाणारीचं नाव, गाव, कुठल्या कामाच्या वेळी म्हटलं हे सगळं ओवीसोबत लिहायची त्यांची पद्धत तशीच उचला.

हिब्रू लिपी शिकायला दोन आठवडे लागतात, बावीस अक्षरं आहेत, तेवढं तरी कराच, म्हणजे कतुबावरची नावं आणि तारीख स्वतः वाचता येते. भाषा पुढे हळूहळू होईल. आणि घरातून वही मिळाली, गाण्यांची, पाककृतींची, बाळंतपणाच्या औषधांची, तर ती मागून घेऊन येऊ नका. तिथेच खिडकीपाशी उजेडात पान-पान फोटो काढा, कव्हर आणि कोरी पानंसुद्धा, मागच्या पानावर धोब्याचा हिशेब असेल तर तोही, आणि त्याच संध्याकाळी प्रत्येक फोटोला वही कुणाची, अक्षर कुणाचं, ते लिहून ठेवा.